नवजात मेंदूसंरक्षणातील ‘संयुक्त उपचार’ : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जन्मलेले बाळ लगेच रडले नाही, तर त्या काही मिनिटांत त्याच्या मेंदूला प्राणवायू व रक्त कमी पडून इजा होऊ शकते. ही इजा एका क्षणात पूर्ण होत नाही. पहिल्या आघातानंतर पेशी काही काळ सावरतात आणि काही तासांनी पुन्हा ढासळू लागतात. मधल्या या अवधीत मेंदू वाचविता येईल, या गृहीतकावर मेंदूसंरक्षणाचे संशोधन उभे आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनातील ‘संयुक्त उपचार’ या संकल्पनेची जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

संकल्पना व तिचे फलित

जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ते ७२ तास राखणे, हा शीतोपचार २००५ ते २००९ या काळातील चाचण्यांनंतर संपन्न देशांत रूढ झाला. तथापि उपचार मिळूनही अनेक बालकांचा मृत्यू वा अपंगत्व टळले नाही. म्हणून शीतोपचाराला दुसऱ्या औषधाची जोड देण्याचा विचार पुढे आला. झेनॉन वायूची जोड देणाऱ्या ब्रिटनमधील चाचणीत (२०१६, ९२ बालके) लाभ दिसला नाही. एरिथ्रोपोएटिनची जोड देणाऱ्या अमेरिकेतील ‘हील’ चाचणीत (२०२२, ५०० बालके) मृत्यू वा मेंदूविकासातील दोषाचे प्रमाण औषधगटात ५२.५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४९.५ टक्के राहिले.

याहून महत्त्वाची ठरते ती भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बालकांवरील ‘हेलिक्स’ चाचणी (२०२१). येथे शीतोपचार केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ४२ टक्के, तर न केलेल्या गटात ३१ टक्के आढळले. म्हणजे ज्या पायावर दुसरी औषधे रचावयाची, तो पायाच आपल्याकडे डळमळीत ठरला. या बालकांची इजा प्रसूतीच्या अंतिम क्षणी नव्हे, तर त्याआधीच सुरू झालेली असावी, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे. तसे असेल, तर जन्मापासून मोजलेले सहा तास हे मापच अपुरे ठरते.

जव्हार-मोखाड्याचे वास्तव

१९९२ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका महाराष्ट्राला परिचित झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, परंतु पाड्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर त्यामुळे मिटले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर अपुऱ्या दिवसांची जुळी बालके जन्मानंतर दगावली आणि त्यांच्या आईला झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. ही घटना श्वासावरोधाची म्हणून नव्हे, तर वाटेची म्हणून येथे नोंदवावी लागते. कळा सुरू झाल्यावर झोळी, मग वाहनाची प्रतीक्षा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जव्हारचे रुग्णालय आणि तेथूनही पुढे नाशिक वा ठाणे अशी ही साखळी आहे. त्याआधीची साखळी तर मोजलीच जात नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या गरोदर स्त्रीची तपासणी खंडित होते आणि तिच्या रक्तक्षयाची नोंद मागे राहते.

संयुक्त म्हणजे काय?

येथे संकल्पनेवरील मुख्य आक्षेप उद्भवतो. वरील चाचण्यांत ‘संयुक्त’ याचा अर्थ रुग्णालयात एका उपचारावर दुसरा उपचार ठेवणे, एवढाच आहे. महाराष्ट्रातच या शब्दाचा निराळा अर्थ सिद्ध झालेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, ऊब राखणे, स्तनपान व जंतुसंसर्गावरील उपचार एकत्र आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हाही संयुक्त उपचारच होता. फरक इतकाच, की तो पहिल्या मिनिटाला दाराशी हजर होता.

मात्र या प्रयोगाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. त्याचे प्रमुख माप मृत्यू हे होते. वाचलेल्या बालकाची मान धरली का, ते बोलू लागले का, हा प्रश्न त्या मापात येत नाही. याउलट ‘हील’ व ‘हेलिक्स’ यांनी बालकांचा दीड ते तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. ही शिस्त ग्रामीण कार्यक्रमाने उचलण्याजोगी आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब तपासण्याची तरतूद आहे. जन्मतः न रडलेल्या प्रत्येक बालकाचे नाव त्या तपासणीशी जोडले गेले, तर आज पाड्यावर ‘देवाची करणी’ म्हणून स्वीकारले जाणारे अपंगत्व निदान मोजले तरी जाईल.

निष्कर्ष

नव्या औषधाचा शोध थांबवावा, असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि जव्हार-मोखाड्यासाठी संयुक्त उपचाराचा आरंभ गरोदर मातेच्या रक्तक्षयापासून व्हावा. प्रसूतीच्या खोलीतील श्वासपिशवी व ती हाताळणारा सरावलेला हात, पाड्यापर्यंतचा रस्ता आणि दोन वर्षांचा पाठपुरावा हे त्याचेच घटक मानले जावेत. यांतील एकही दुवा निसटला, तर उरलेल्यांचे संयुक्तपण कागदावरच राहते.