‘झातोइची’ : नाव, दर्जा आणि व्यंग

जपानी तलवारपटांतील विकलांग नायकांची चर्चा बहुधा त्यांच्या शौर्यापासून सुरू होते. प्रस्तुत टिपणात ती एका नावापासून सुरू करावयाची आहे. कान शिमोझावा यांच्या १९४८ मधील कथेच्या आधारे केंजी मिसुमी यांनी दिग्दर्शित केलेला ‘झातोइची मोनोगातारी’ हा बोलपट १९६२ साली प्रदर्शित झाला. शिन्तारो कात्सु यांनी रंगविलेल्या या आंधळ्या मालिशवाल्यावर १९७३ पर्यंत २५ व १९८९ साली आणखी एक असे चित्रपट निघाले.

‘झातोइची’ हे वस्तुतः विशेषनाम नव्हेच. जुन्या जपानात अंध पुरुषांचा ‘तोदोझा’ नावाचा संघ होता. केंग्यो, बेत्तो, कोतो आणि झातो हे त्यातील चार प्रमुख दर्जे होत. झातो हा सर्वांत खालचा. १८७१ साली हा संघ बरखास्त झाला. ‘इची’ हे पदही बिवा वाजवून वीरगाथा गाणाऱ्या अंध कलावंतांच्या नावांच्या अखेरीस परंपरेने येत असे. तेव्हा नायकाच्या नावातून त्याचे व्यंग आणि त्याचा दर्जा यांपलीकडे काहीच कळत नाही. ज्याला समाजाने केवळ ‘एक आंधळा’ म्हणून ओळखले, त्याची ही कथा आहे.

याच कात्सु यांनी १९६० च्या ‘शिरानुई केंग्यो’मध्ये पापमार्गाने केंग्योपदास पोहोचणारा अंध खलपुरुष रंगविला होता. तेथे आंधळा वर चढतो तो दुष्ट म्हणून. येथे तो तळाशीच राहतो आणि सहानुभूतीस पात्र ठरतो. व्यंग तेच, अभिनेता तोच. नैतिक मूल्य मात्र दर्जाप्रमाणे बदलते. विकलांगाने आपली पायरी ओळखून राहावे, ही अपेक्षा या दोन्ही चित्रांच्या मुळाशी नाही काय?

तथापि पहिल्या चित्रपटाचे श्रेष्ठत्व असे की तो या अपेक्षेलाच उलट प्रश्न करतो. प्रारंभीच्या जुगाराच्या प्रसंगात इचीचे फासे पेल्याबाहेर पडतात. ते त्याला दिसत नाहीत, असे मानून डोळस जुगारी पैज लावतात. खरे फासे पेल्यातच असतात. फसवणूक होते ती दृष्टीमुळे नव्हे, तर आंधळ्याविषयीच्या गृहीतामुळे. आणि तिची सुरुवात जुगाऱ्यांनीच केलेली असते. शिवाय या कथेतील खरा सामुराई हिराते मिकी हा क्षयाने जर्जर झालेला आहे. दोन टोळ्यांचे नायक या दोघांना केवळ शस्त्र म्हणून पदरी ठेवतात. दोघांची मैत्री जुळते आणि अखेरीस हिराते इचीच्याच तलवारीने मरतो. विजयोत्सव करणाऱ्या आपल्या धन्यावर इची संतापतो, तेव्हा व्यंगापेक्षा व्यंगाचा व्यापार हाच चित्रपटाचा विषय ठरतो.

पुढील भागांत ही जाण टिकली, असे सर्वत्र म्हणता येत नाही. तलवारीचे चमत्कार वाढले आणि आंधळेपण हे उणिवेचे भरपाईपत्र बनले. १९६९-७० मध्ये योको मात्सुयामा यांची अंध तलवारधारिणी ‘ओइची’ चार चित्रपटांत अवतरली. स्त्रीला स्थान मिळाले, पण साचा तोच राहिला.

तिच्या पहिल्या चित्रपटाच्या नावातच असलेला ‘मेकुरा’, म्हणजे आंधळा, हा शब्द भाषाभ्यासकास विशेष उद्‌बोधक आहे. आज तो अवमानकारक मानला जातो. प्रसारणसंस्था तो टाळतात आणि जुन्या चित्रपटांतही काही वेळा तो मूक केला जातो. परंतु झातोइचीपटांत तो दोन तोंडांनी बोलला जातो. शत्रू तो शिवी म्हणून उच्चारतो; इची तोच स्वतःला लावून समोरच्याला बेसावध करतो. शब्द पुसल्यास शिवी जाते, तशीच तिची परतफेडही जाते. मराठी अनुवादकापुढेही हीच अडचण उभी राहील: ‘अंध’ किंवा ‘दृष्टिहीन’ म्हटल्यास सौजन्य राखले जाईल, पण प्रसंगातील बोच नाहीशी होईल. तेथे ‘आंधळा’ हाच शब्द हवा.

या चित्रपटांची कसोटी नायक किती शूर आहे ही नसून, त्याला ‘आंधळा’ म्हणणाऱ्यांविषयी ते काय सांगतात ही असावी. या कसोटीस १९६२ चा चित्रपट उतरतो. त्याच्या यशावर उभे राहिलेले पुढील अनेक उतरत नाहीत.