चुणीदार पान

भोपाळमधल्या बिट्टन मार्केटच्या हाटात मी पहिल्यांदा "भैया, केल है?" असं विचारलं, तेव्हा भाजीवाल्याने मान वर न करता पलीकडच्या हातगाडीकडे बोट दाखवलं. गाडीवर केळी होती. त्याची काय चूक? केल या पालेभाजीला मराठीत स्वतःचं नाव नाही. हिंदीत 'करम साग' आहे, पण हाटात ते कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. शेवटी बी मागवलं आणि घरच्या चार कुंड्यांत लावलं. ही माझी तिसरी थंडी.

या पानाचं सगळं देखणेपण त्याच्या कडेला आहे. मधला भाग वाढतो त्याहून कड जास्त वाढते, तिला सपाट राहायला जागाच उरत नाही, मग ती नऊवारीच्या निऱ्यांसारखी चुणत जाते. वर मेणाचा बारीक थर असतो, त्यामुळे पाणी अळवावर घरंगळतं तसंच इथेही घरंगळतं. रंग मात्र अळवाचा नाही. हिरव्यावर राख फुंकरल्यासारखा. पान फाडलं की एक क्षण काहीच नाही, आणि मग नाकात झिणझिणी.

ही झिणझिणी सासूबाईंनी बरोबर ओळखली. मीठ-लिंबू लावून ठेवलेल्या पानांचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "यात मोहरी फेसलीयस का गं?" मोहरीचा दाणाही घातला नव्हता. पण केल मोहरीच्याच कुळातला. मोहरी फेसताना दाणा फुटतो, आतले दोन वेगवेगळे ठेवलेले पदार्थ एकत्र येतात आणि तिखटपणा जन्मतो. केलचं पान चिरताना किंवा चावताना नेमकं तेच होतं. अख्ख्या पानाला म्हणूनच फारसा वास नसतो.

सॅलडमध्ये मात्र माझं आणि त्याचं जमलं नाही. पानं मिठाने चोळून मऊ करायची म्हणतात. चोळली. तरी जबडा दुखला आणि वाटी संपली नाही.

केल खरा उमलला तो पीठ पेरलेल्या भाजीत. मधला जाड देठ ओढून काढायचा, बारीक चिरून आधी लसणीच्या फोडणीत टाकायचा, कारण त्याला वेळ लागतो. मग पानं, मीठ, पाण्याचा हबका, झाकण. पानं बसली की बेसन भुरभुरवायचं. मेथीच्या भाजीत बेसनाच्या गोळ्या वेगळ्या आणि पाला वेगळा राहतो. इथे प्रत्येक चुणीत पीठ अडकतं, तेल पितं, कडेला खरपूस होतं. घासात आधी कुरकुर, मग किंचित कडसर, आणि शेवटी गोडवा. तो गोडवा डिसेंबर-जानेवारीचा. रात्री गारठल्या की झाड पेशींतलं पाणी गोठू नये म्हणून साखर साठवतं. उकाड्यातलं पान तेवढं गोड लागत नाही. काळपट, लांबट, सुरकुतलेल्या पानांची इटलीकडची एक जात आहे. कडेला चुण्या नसल्याने पीठ पेरायला ती निरुपयोगी, पण तिच्या अळूसारख्या वड्या होतात.

लागवडीत फार कौतुक नाही. नवरात्राच्या सुमारास बी, चार-पाच पानांवर रोप हलवायचं, भोपाळची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कुंडीत तिच्यात वाळू आणि शेणखत. तोडायची ती खालची पानं. शेंडा राखला तर झाड देत राहतं. मावा मात्र चुण्यांत असा लपतो की मिठाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दिसत नाही. पांढऱ्या फुलपाखराची पिवळी अंडी पानाच्या पाठी पुंजक्याने असतात, ती बोटाने पुसायची. होळीच्या आगेमागे झाड फुलावर येतं. त्या कोवळ्या कळ्याही फोडणीत छान लागतात.

स्कॉटलंडमध्ये घराच्या परसालाच 'केलयार्ड' म्हणत, इतका तो रोजचा. काश्मीरमध्ये त्याचा जवळचा भाऊ 'हाक' मोहरीच्या तेलात, हिंग-मिरची घालून शिजतो. आणि बिट्टन मार्केटात? कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने केलची सख्खी भावंडं, एकाच जातीची. माणसाने कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचा दांडा. नवलकोल, म्हणजे इथली गाठगोभी, हिचा पाला पीठ पेरून केलच्या तोडीस तोड लागतो. चुण्या नाहीत, एवढंच.

परवा हाटात तीच घेतली. भाजीवाला सवयीने पाला मुरगळून टाकायला निघाला.

"रहने दो भैया, पत्ते भी डाल दो."

त्याने शेजारचा ढीगही उचलून पिशवीत कोंबला. "गाय के लिए ना, आंटी?"

मी हो म्हटलं.