वादाचे गद्य : फुले यांच्या पुस्तिका आणि इंग्रजी परंपरा

धर्मसत्तेशी मांडलेला वाद छोट्या पुस्तिकांतून लोकांपुढे नेण्याची प्रथा अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये भरास आली. राजमान्य चर्चबाहेरच्या पंथीयांना तेथे सार्वजनिक पदे कायद्याने नाकारलेली होती. त्यामुळे उपासनेचा प्रश्न आपोआपच राजकीय हक्कांचा प्रश्न बनला. अशाच एका पंथाचे धर्मोपदेशक रिचर्ड प्राइस यांनी १७८९ मध्ये फ्रेंच क्रांतीचे स्वागत केले, १७९० मध्ये एडमंड बर्क यांनी त्यांच्यावर प्रखर टीका केली आणि १७९१ मध्ये टॉमस पेन यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून बर्क यांना उत्तर दिले. या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाबद्दल १७९२ मध्ये पेन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप शाबीत झाला.

पेन यांचा हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचला होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यावरून ‘प्रभाव’ या एका शब्दात विषय संपविण्याची आपल्या समीक्षेला सवय झाली आहे. विचारांचे साम्य आहेच. कोणताही धर्मग्रंथ ईश्वरप्रणीत न मानता सृष्टीच्या निर्मात्यावर श्रद्धा ठेवण्याची पेन यांची भूमिका फुले यांच्या ‘निर्मिक’ या कल्पनेच्या जवळची आहे. परंतु पुस्तिका हा प्रकार मराठीत आणताना फुले यांनी त्याची घडणच बदलली, आणि त्यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा शोध तेथेच घ्यावयास हवा.

पेन यांच्यासमोर चर्च आणि राज्य एकवटलेले होते. फुले यांच्यासमोर धर्मसत्ता एकीकडे होती आणि राज्यसत्ता परकीयांच्या हाती होती. म्हणून ‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकाला दोन श्रोते आहेत. त्याची इंग्रजी प्रस्तावना राज्यकर्त्यांना त्यांच्या शैक्षणिक धोरणाचा जाब विचारते. मराठी मजकूर मात्र जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडतो. धोंडीबा शंका काढतो, अडखळतो, पुन्हा विचारतो. ज्या समाजाला धर्माच्या बाबतीत केवळ ऐकून घेण्याचाच अधिकार होता, त्याच्या तोंडी प्रश्न घालणे हे येथे केवळ निवेदनाचे तंत्र राहत नाही; तोच या पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद ठरतो. अक्षरओळख नसलेल्यांना वाचून दाखविता येईल, असेच हे गद्य आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’त या गद्याच्या अशुद्धतेचा उपहास केला. त्यांची वैयाकरणाची दृष्टी काही ठिकाणी चुकली नसेलही. परंतु शुद्धतेचा निकष ज्या शिक्षणातून आला, त्या शिक्षणाच्या मक्तेदारीवरच हे पुस्तक आघात करीत होते, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही. याचा अर्थ फुले यांना सर्व दोषांतून मुक्त करावे असा नव्हे. दशावतारांचा इतिहास म्हणून लावलेला अर्थ आणि त्यासाठी योजलेल्या शब्दव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत. तरीही बळीचे राज्य येवो, असे म्हणणाऱ्या शेतकरी घरांतील स्मृतीला त्यांनी पुराणकथेच्या विरोधात साक्षीदार म्हणून उभे केले. तेथे चुकलेली व्युत्पत्ती आणि अचूक हेरलेले लोकमानस एकाच पानावर नांदतात. समीक्षकाने दोन्हींची नोंद घ्यावयास हवी.

या वादाची खरी कसोटी १८८५ मध्ये लागली. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तर ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्याआधी, १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघींवर टीकेची झोड उठली असता ‘सत्सार’ या पुस्तिकांतून फुले यांनी त्यांची बाजू घेतली. स्वतः ख्रिस्ती न होता दुसऱ्याच्या धर्मांतराचा हक्क मान्य करणे आणि स्वतः पुरुष असून पुरुषांवरील दोषारोप ऐकून घेणे, येथे त्यांचे मतस्वातंत्र्याचे तत्त्व आचरणात उतरले.

ताराबाईंचे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले, तोवर त्र्याण्णव वर्षे उलटली होती. फुले यांचे समग्र वाङ्मयदेखील शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून प्रसिद्ध होण्यास १९६९ साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये वादपुस्तिकेवर खटले भरले गेले; आपल्याकडे तिला वाङ्मयाच्या इतिहासातून वगळून निकालात काढले गेले. खटल्याचे निदान दप्तर तरी मागे उरते. उपेक्षेचे दप्तर मात्र समीक्षेलाच लिहावे लागते, आणि ते काम अद्याप पुरे झालेले नाही.