काशाची वाटी आणि पोलादी पट्टी : उपकरणाधारित मर्दनोपचाराच्या दाव्यांची समीक्षा

प्रास्ताविक

वेदनेला नावे देण्याच्या बाबतीत मराठी भाषा संपन्न आहे. मान अवघडते, पाठ धरते, कमरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, शीर आखडते, पाय भरून येतात. या प्रयोगांकडे बारकाईने पाहिल्यास त्यांमागे एक समान कल्पना आढळते. शरीरात काहीतरी शिरले आहे, साचले आहे किंवा अडकले आहे, ही ती कल्पना होय. साहजिकच उपचार म्हणजे जे साचले ते काढणे आणि जे अडकले ते सोडविणे, अशी आपली धारणा बनते. स्नायूंचा ताठरपणा व मऊ ऊतींची वेदना यांवर हातात उपकरण घेऊन केल्या जाणाऱ्या उपचारांना या धारणेमुळेच सहज मान्यता मिळते.

प्रस्तुत लेखात अशा दोन उपकरणांचा विचार केला आहे. पहिले म्हणजे महाराष्ट्रातील अनेक घरांतून परिचित असलेली काशाची वाटी आणि दुसरे म्हणजे फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतून वापरली जाणारी वक्र कडांची पोलादी पट्टी. एक परंपरेचा आधार घेते, दुसरी विज्ञानाचा. तथापि सामान्य माणसाचा विश्वास दोन्ही उपकरणे जवळजवळ एकाच मार्गाने मिळवितात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो मार्ग कोणता आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

एडवणची पार्श्वभूमी

कोणताही उपचार पोकळीत घडत नाही. म्हणून त्याचे मूल्यमापन एखाद्या विशिष्ट समाजजीवनाच्या संदर्भात करणे इष्ट ठरते. एडवण हे पालघर तालुक्याच्या दक्षिण किनारपट्टीवरील, आशापुरी देवीच्या देवळामुळे परिचित असलेले गाव. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या पट्ट्यातील जीवन मासेमारी, बागायत आणि नोकरी या तिन्हींवर उभे आहे. उत्तरेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, तर दक्षिणेस लोहमार्गाने जोडलेली मुंबई.

येथील वेदना प्रामुख्याने श्रमाची आहे. ओले जाळे ओढणाऱ्याचे खांदे व मनगटे, उकिडवे बसून मासळी निवडणाऱ्या स्त्रीची कंबर व गुडघे, डोक्यावर पाटी घेऊन चालणारीची मान व टाचा, कारखान्यात पाळीभर सिमेंटच्या जमिनीवर उभे राहणाऱ्याच्या पोटऱ्या ही तिची ठिकाणे होत. यांपैकी ज्यांचे पोट रोजच्या कमाईवर अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने दवाखान्याची एक खेप म्हणजे उपचाराचे शुल्क अधिक बुडालेला रोज. म्हणून एखाद्या उपचाराचा दावा खरा की खोटा, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

वाटीचा दावा

कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीच्या बुडाने तो घासावयाचा, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पादाभ्यंगाची महती चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दिनचर्येच्या प्रकरणात अभ्यंग विशेषतः डोके, कान व पाय यांना करावा, असे सांगितले आहे. अलीकडे तर वाटीची जागा विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळीने घेतली असून प्रदर्शनांतून व दुकानांतून अशी यंत्रे दिसू लागली आहेत.

घासता घासता तूप काळे पडते. हा काळेपणा म्हणजे शरीरातून बाहेर आलेली उष्णता, असे सांगितले जाते. येथेच समीक्षकाने थांबले पाहिजे. उष्णता हा पदार्थ नव्हे. तिला रंग नसतो. तांबेयुक्त धातू स्निग्ध पदार्थासह घासला असता त्याचे सूक्ष्म कण झिजतात, स्निग्धांशाशी त्यांची अभिक्रिया होते आणि लेप काळपट होतो. म्हणजे हा काळेपणा वाटीविषयी काही सांगतो, पायाविषयी नव्हे. परंतु पाहणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम विलक्षण होतो. कारण जे साचले होते ते डोळ्यांदेखत बाहेर पडल्याचा भास निर्माण होतो.

पट्टीचा दावा

पोलादी पट्टीची वंशावळही रोचक आहे. ब्रिटिश वैद्य जेम्स सिरिअॅक्स यांनी विसाव्या शतकात बोटांनी आडवे, खोल घर्षण करण्याची पद्धत रूढ केली. 1990 च्या दशकात अमेरिकेत ग्रॅस्टन यांच्या नावाने स्टेनलेस स्टीलची उपकरणे प्रचारात आली. चीनमधील 'ग्वा शा' ही खरवडण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी असून ती घरगुती चमच्यानेही केली जाते.

स्नायूंवरील तंतुमय आवरणात, म्हणजे फॅशियात, चिकटवणी निर्माण होतात. पट्टी त्या शोधते आणि मोडते, असे या उपचाराचे प्रचलित समर्थन आहे. पट्टी फिरविताना हाताला लागणारी खरखर आणि नंतर कातडीवर उमटणारे लाल चट्टे हा त्याचा पुरावा म्हणून दाखविला जातो. वाटीचा काळा लेप आणि पट्टीचे लाल चट्टे यांचे कार्य या दृष्टीने एकच आहे. दोन्ही चिन्हे दिसतात, आणि दिसते म्हणून ती प्रमाण मानली जातात.

पुराव्याची तपासणी

पट्टीच्या बाजूने काही पुरावा निश्चितच आहे. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात अशा घर्षणानंतर कंडरेतील तंतुजनक पेशींची संख्या वाढल्याचे आढळले. 2009 साली लोघमानी व वॉर्डन यांनी उंदरांच्या गुडघ्याच्या दुखावलेल्या अस्थिबंधावर प्रयोग केला. उपचार केलेला अस्थिबंध चार आठवड्यांनी उपचार न केलेल्यापेक्षा 43 टक्के अधिक बळकट भरला. मात्र बारा आठवड्यांनी बळकटीतील हा फरक उरला नाही. म्हणजे भरून येण्याची गती वाढली, अंतिम फळ तेच राहिले.

चिकटवण मोडण्याच्या कल्पनेला मात्र 2008 मधील चौधरी व सहकाऱ्यांच्या गणिती प्रतिमानाने मोठा धक्का दिला. मांडीच्या बाहेरील बाजूचा आणि तळपायाचा फॅशिया केवळ एक टक्का दाबण्यासाठी वा सरकविण्यासाठीही मानवी हाताच्या सामान्य आवाक्याबाहेरचे बल लागेल, असे त्यातून निष्पन्न झाले. तळपायाचा फॅशिया हा नेमका काशाच्या वाटीच्या प्रदेशातला असल्याने हा निष्कर्ष दोन्ही उपकरणांना लागू पडतो.

माणसांवरील चाचण्यांचे चित्रही सावध करणारे आहे. 2016 मधील चीथम व सहकाऱ्यांच्या आढाव्यात सात यादृच्छिक चाचण्या तपासण्यात आल्या. सांध्याची हालचाल अल्पकाळ वाढते, यापलीकडे ठोस आधार त्यांत मिळाला नाही. 2019 मधील नझारी व सहकाऱ्यांचा आढावा तर वेदना, कार्यक्षमता आणि हालचाल या तिन्हींसाठी प्रस्तुत पुरावा पुरेसा नाही, या निर्णयाप्रत आला. येथे आणखी एक उणीव नोंदविणे आवश्यक वाटते. या विषयावरील बरेचसे संशोधन तरुण व खेळाडू व्यक्तींवर झालेले आहे. पन्नाशीतील मासळी विक्रेतीची टाच त्यात कोठेही नाही.

मग आराम का वाटतो?

याचा अर्थ लोकांना वाटणारा आराम खोटा आहे, असा मुळीच नाही. 2007 मधील नील्सन व सहकाऱ्यांच्या लहानशा अभ्यासात ग्वा शा केलेल्या जागी त्वचेलगतचा रक्तप्रवाह पहिल्या काही मिनिटांत चौपट झाल्याचे दिसले. स्पर्श, दाब व ऊब यांच्या संवेदना वेदनेच्या संदेशाची तीव्रता मज्जासंस्थेत कमी करतात. ताठर वाटणारा स्नायू काही काळ सैल होतो. शिवाय दिवसभर राबलेल्या बाईचा पाय घरातील कोणीतरी मांडीवर घेऊन घासते, यातील मायेचे मोल कोणत्याही चाचणीत मोजलेले नाही. आराम खरा आहे. त्याचे दिलेले कारण खरे नाही.

कारण चुकले तर काय बिघडले, असा आक्षेप येथे घेतला जाईल. बिघडते ते असे. चट्टे हाच पुरावा मानला की अधिक चट्टे म्हणजे अधिक गुण, असे समीकरण होते आणि जोर वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास हा जोर घातक ठरू शकतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाला वाटीने सोललेली कातडी कळतही नाही, आणि त्या जखमेची परिणती गंभीर होऊ शकते. त्याहून व्यापक हानी ही की, दोष ऊतीत साचला आहे असे एकदा ठरले म्हणजे श्रमाकडे कोणी पाहत नाही. मग खेपांमागून खेपा होतात आणि पाटीचे ओझे तेवढेच राहते.

याउलट 2015 मधील डेन्मार्कच्या रॅथलेफ व सहकाऱ्यांच्या अभ्यासाकडे पाहावे. टाचदुखीच्या 48 रुग्णांपैकी एका गटाला बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर टाचा सावकाश उचलण्याचा व्यायाम दिला होता. तीन महिन्यांनी हा गट केवळ ताण देणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच झाले, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. परंतु या व्यायामाला लागते ती घराची पायरी आणि जुना पंचा. त्यासाठी रोज बुडवावा लागत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, काशाची वाटी आणि पोलादी पट्टी ही दोन्ही साधने त्याज्य नाहीत. त्यांच्याविषयीचे दावे मात्र सुधारून घेतले पाहिजेत. वाटी घरात राहावी. पाय धड असेल तर तिने झोपण्यापूर्वी थोडा विसावा द्यावा. पट्टी प्रशिक्षित हाती राहावी आणि व्यायाम सुरू करण्यापुरती वेदना कमी करणारे सहायक साधन, एवढेच तिचे स्थान असावे. महाराष्ट्रात फिजिओथेरपी व व्यवसायोपचार यांच्या परिषदेचा कायदा 2002 साली झाला आणि संबंधित आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा 2021 साली आला. पदवी व नोंदणी यांचे नियमन त्यामुळे शक्य झाले. रुग्णाशी बोलल्या जाणाऱ्या भाषेची जबाबदारी मात्र अखेर उपचारकावरच राहते.

'तुमच्या पायातली उष्णता निघाली' किंवा 'तुमची चिकटवण मोडली' असे सांगण्याऐवजी 'थोडा वेळ बरे वाटेल. तेवढ्या वेळात हा व्यायाम करा आणि शक्य तर ओझे दोन खेपांत वाहा' असे सांगणारा उपचारक एडवणच्या माणसाला अधिक उपयोगी पडेल. त्या वाक्यात चमत्कार नाही, परंतु त्यावर विसंबून फसण्याची भीतीही नाही.