मल्लखांबाचे साधनद्रव्य : स्पर्श आणि टिकाऊपणा यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मल्लखांबाविषयी मराठीत झालेले बहुतेक लेखन तीन गोष्टींभोवती फिरते : या विद्येचे प्राचीनत्व, बाळंभटदादा देवधर यांचे कर्तृत्व आणि शरीराला होणारे लाभ. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातील उल्लेख, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील पुनरुज्जीवन आणि पुढील आखाड्यांची परंपरा हा क्रम आता सर्वपरिचित झाला आहे. परंतु ज्या खांबावर ही विद्या उभी आहे, तो खांब कशाचा, तोच पदार्थ का, आणि तो बदलला तर विद्येत काय बदलते, हा प्रश्न 'सागाचे किंवा शिसवीचे लाकूड' एवढ्या अर्ध्या वाक्यात संपविला जातो.

ही उणीव केवळ तपशिलाची नाही. बाळंभटदादांना हैदराबादच्या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी वणीच्या सप्तशृंगी गडावर मारुतीचा दृष्टांत झाला, ही आख्यायिका खानदेशातील वाचकाला विशेष जवळची आहे, कारण चैत्रात त्याच गडाकडे येथील पायी दिंड्या जातात. आख्यायिकेने प्रेरणेचा उगम सांगितला. पुढील लेखकांनीही प्रेरणेवर आणि खेळाडूवर लक्ष ठेवले. साधन मात्र जणू आपोआप उपलब्ध असते, असे गृहीत धरले गेले. प्रस्तुत लेखात लाकूड, वेत आणि सुती दोर या तीन साधनद्रव्यांचा स्पर्श व टिकाऊपणा या दोन निकषांवर विचार केला असून, साधनद्रव्य हे कौशल्याचे पात्र नसून कौशल्याचा घटकच आहे, ही भूमिका मांडली आहे.

लाकडी खांब : ताठपणा आणि पृष्ठभाग

पुरलेल्या मल्लखांबाचे बोंड, मान आणि अंग असे भाग मानले जातात. कापसाच्या प्रदेशात 'बोंड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा हा आकार केवळ शोभेसाठी नाही. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, म्हणजेच व्यास निम्मा झाला तर ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे बुंध्याजवळ खांब जवळजवळ अचल राहतो आणि मानेजवळ त्याला किंचित लवचिकपणा लाभतो. खेळाडू बोंडावर आसन घेतो तेव्हा खांबाचे अतिशय सूक्ष्म हेलकावे त्याच्या शरीराला जाणवतात आणि तोल त्या जाणिवेवर सांभाळला जातो. हेलकावा किती आणि तो किती लवकर विरतो, हे लाकडाच्या जातीवर, तंतूंच्या सरळपणावर आणि गाठींवर अवलंबून असते. एकाच मापाचे दोन खांब म्हणूनच एकसारखे नसतात.

सागाची निवड का झाली, याचे उत्तर त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या स्थैर्यात आहे. साग हे सर्वांत कठीण लाकूड नव्हे. खानदेशातील अंजन त्याहून कितीतरी जड आणि कठीण असून त्याचे लाकूड पाण्यात बुडते. परंतु सागाच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे त्याला वाळवी व बुरशी सहजासहजी लागत नाही आणि ऋतुमानानुसार ते तुलनेने कमी आकसते, कमी फुगते. शिसव अधिक जड व घट्ट असल्याने तिचा स्पर्श अधिक गुळगुळीत असतो, मात्र सरळ, लांब आणि पुरेसा जाड ओंडका मिळणे अवघड असते. हे सर्व गुण गाभ्याच्या पक्व लाकडाचे आहेत. सालीजवळचे पांढरट लाकूड सागाचेच असले तरी त्यात ते नसतात. कोवळ्या झाडाच्या ओंडक्यात या पांढऱ्या भागाचे प्रमाण मोठे असते, आणि खांब कातला की नेमका बाहेरचा भागच खेळाडूच्या हातापायांखाली येतो. 'सागवानी' या एका शब्दात ही तफावत लपून राहते.

एरंडेल तेलाचे स्थान

खांबाला एरंडेल तेल लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिचे कारण बहुधा 'घर्षण कमी व्हावे' असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. घर्षण केवळ कमीच करावयाचे असते तर कोणतेही पातळ तेल चालले असते. आणि घर्षण पुरेसे कमी झाले असते तर खांबावर चढताच आले नसते.

एरंडेल तेलातील बहुतांश भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो आणि त्याच्या विशिष्ट रचनेमुळे हे तेल इतर खाद्यतेलांच्या मानाने फार दाट असते. दाट द्रवाचा थर सरकण्याला करीत असलेला विरोध सरकण्याच्या वेगाबरोबर वाढतो. पकड सैल केली की शरीर खाली येते, पण एकदम घसरत नाही. मांड्यांची किंवा बगलेची पकड आवळली की थर पातळ होतो आणि पकड बसते. अढी, तेढी, दसरंग यांसारख्या प्रकारांत क्षणात घट्ट आणि क्षणात सैल होणारी जी पकड लागते, तिला हा गुण साहाय्यभूत ठरतो. दुसरी बाब तेलाच्या वाळण्याची. जवसाचे तेल हवेत वाळून त्याचा कडक पापुद्रा बनतो. तिळाचे तेलही कालांतराने काही अंशी चिकट होते. एरंडेल मात्र वाळत नाही. त्यामुळे खांबाच्या पृष्ठभागावर वार्निशासारखा थर न साचता तेल लाकडात मुरत राहते. वर्षानुवर्षे वापरलेल्या खांबाचा जो स्पर्श जाणकार नावाजतात, तो लाकूड, तेल आणि अनेक शरीरे यांच्या दीर्घ सहवासातून तयार झालेला असतो. नव्या खांबावर तो विकत मिळत नाही.

वेतापासून दोरापर्यंत

वेताचा मल्लखांब हे या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. टांगलेल्या वेतावर कसरती करण्याची पद्धत जुनी असून, लांब, जाड व निर्दोष वेत दुर्मीळ होत गेल्याने त्याची जागा सुती दोराने घेतली, असे सांगितले जाते. हा बदल बहुतेक ठिकाणी केवळ सोय म्हणून नोंदविला जातो. प्रत्यक्षात तेथे एका साधनाच्या जागी वेगळ्याच स्वभावाचे साधन आले.

वेत ही ताडकुळातील वेल आहे. झाडाप्रमाणे तिचे खोड वर्षागणिक जाड होत नसल्याने लांबच लांब अंतरापर्यंत तिची जाडी जवळजवळ सारखी राहते. तिचे बळकट तंतू बाहेरच्या बाजूस दाट असतात आणि वरचे कवच गुळगुळीत व कठीण असते. त्यामुळे वेत वाकतो, पण उसळून पूर्ववत होतो. त्याला गाठ मारता येत नाही. उलट सुती दोराला स्वतःचा आकार नसतो. तो शरीराभोवती गुंडाळतो, अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांमध्ये पकडता येतो आणि शरीराच्याच वजनाने आवळला जातो. दोरावरील वेढे, अडकवण्या आणि त्यांतून साधली जाणारी आसने ही दोराच्या या स्वभावातून फुललेली आहेत. वेताचे उसळणे गेले आणि दोराचे वेटाळणे आले. स्पर्धांमध्ये दोरीचा मल्लखांब प्रामुख्याने मुलींशी जोडला गेला, हे लक्षात घेता या द्रव्यांतराने एका मोठ्या वर्गासाठी नवे दालन उघडले, असेही म्हणता येईल. म्हणून हा बदल निव्वळ ऱ्हास म्हणून नोंदविणे जसे चुकीचे, तसेच 'काही बदलले नाही' असे म्हणणेही चुकीचे होय.

दोर कापसाचाच का, हा पुढचा प्रश्न. नायलॉनचा दोर अधिक ताकदवान आणि अधिक टिकाऊ आहे. तरी तो ताणला जातो, हाताला निसटता वाटतो आणि वेगाने घासल्यास उष्णतेने त्याचे तंतू वितळू शकतात. कातडीवर त्याचा चटका बसतो. शेतातील अंबाडीचे चऱ्हाट बळकट असले तरी उघड्या अंगाला खरखरीत लागते. कापूस वितळत नाही, घाम शोषतो आणि त्याचा पृष्ठभाग मऊ पण पकड देणारा राहतो. त्याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. घामातील क्षार, धूळ, ओलाव्याने येणारी बुरशी आणि वरच्या कडीपाशी होणारे सततचे घासणे यांमुळे दोर आतून झिजतो. लाकूड चिरून सूचना देते, दोर बाहेरून चांगला दिसत असतानाच कमकुवत झालेला असू शकतो. येथे स्पर्श आणि टिकाऊपणा हे निकष परस्परविरोधी ठरतात आणि परंपरेने स्पर्शाच्या बाजूने कौल दिला आहे.

हवामान आणि प्रदेश

लाकूड कापल्यानंतरही सभोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत राहते. किनारपट्टीच्या दमट हवेत स्थिरावलेला खांब दोंडाईचा परिसरात आणला, तर चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात त्यातील ओलावा वेगाने कमी होतो. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि खांबाला उभ्या चिरा पडतात. अखंड ओंडक्याचा खांब असल्याने मधला गाभा त्यातच राहतो व चिरा पडण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात याच चिरांत पाणी शिरते. जमिनीत पुरलेल्या खांबाला खरा धोका जमिनीच्या पातळीवर असतो, कारण ओलावा आणि हवा दोन्ही तेथे एकत्र मिळतात व कूज तेथूनच सुरू होते. काळ्या जमिनीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाची बैठक सैल करते. लाकडाच्या उघड्या टोकांतून ओलावा सर्वाधिक वेगाने ये-जा करतो. म्हणून बोंडाचा माथा आणि पुरलेले टोक यांची निगा अंगाला तेल लावण्याइतकीच आवश्यक आहे.

नियमांचे मौन

इतर क्रीडाप्रकारांशी तुलना केली असता मल्लखांबाची स्थिती स्पष्ट होते. बांबूच्या काठीने होणारी बांबूउडी धातूच्या आणि पुढे 1960 च्या दशकात काचतंतूच्या काठीने होऊ लागली, तेव्हा उडीचे तंत्रच बदलले. बर्फावरील स्कीमध्ये लाकडाबरोबर धातू, काचतंतू व कार्बनतंतू आले. तरीही धक्के शोषण्याच्या गुणामुळे अनेक स्कींचा गाभा आजही लाकडाचाच असतो. क्रिकेटमध्ये डेनिस लिलीने 1979 साली पर्थच्या कसोटीत अॅल्युमिनियमची बॅट वापरल्यानंतर बॅटचे पाते लाकडाचेच असावे, अशी तरतूद नियमांत आली. या तिन्ही खेळांत साधनद्रव्याविषयी जाणीवपूर्वक निर्णय घेतला गेला. कोठे बदल स्वीकारला, कोठे मर्यादित केला, कोठे नाकारला.

मल्लखांबापुढे हा निर्णय आता उभा आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली होती. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्य क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला, 2019 मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2022 मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्याचा समावेश झाला. मागणी वाढली की उत्पादन वाढते, आणि उत्पादन वाढले की साधन मापांवर येऊन थांबते. उंची व घेर जुळला की खांब 'प्रमाणित' ठरतो. लाकूड पक्व आहे काय, ते पुरेसे वाळवून मुरविले आहे काय, तंतू सरळ आहेत काय, हे प्रश्न खरेदीच्या कागदावर क्वचितच येतात. भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यासक्रमांत समावेश होत असताना महाविद्यालयांनी मल्लखांब विकत घ्यावा आणि कमीत कमी दराच्या निविदेवर त्याची निवड करावी, यात एक विसंगती आहे. परंपरेचे नाव घेतले जाते, परंतु त्या परंपरेतील कातारी, सुतार आणि वस्ताद यांच्या हातांत असलेले ज्ञान मात्र बाजूला राहते. या विसंगतीची किंमत शेवटी विद्यार्थ्याच्या शरीराला मोजावी लागते.

निष्कर्ष

1. मल्लखांबातील लाकूड, वेत आणि दोर ही एकमेकांची पर्यायी साधने नसून, प्रत्येकाने आपल्या स्वभावानुसार कौशल्याचा स्वतंत्र आविष्कार घडविला आहे.

2. टिकाऊपणा हा एकमेव निकष मानल्यास नायलॉन व धातू श्रेष्ठ ठरतील. परंतु मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराच्या प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा केलेला खांब आहे. शरीराला शरीराने भिडण्याच्या या विद्येत स्पर्शाचा निकष गौण ठरविता येत नाही.

3. मापांबरोबरच लाकडाची पक्वता, वाळवण, टोकांची निगा आणि दोराच्या बदलाचा कालावधी यांचा समावेश खरेदीच्या व स्पर्धेच्या नियमांत होणे आवश्यक आहे. हे निकष प्रदेशाच्या हवामानानुसार ठरविणे इष्ट होय.

4. चांगले सागवान दिवसेंदिवस महाग व दुर्मीळ होत आहे. वेताच्या बाबतीत जे घडले ते सागाच्या बाबतीतही घडू शकते. तो बदल अपरिहार्य झाला, तर कोणता गुण राखावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे आधी ठरविलेले असावे.

वेताचे उसळणे नेमके कसे होते, याची सविस्तर नोंद कोणी केली असती तर आज दोराचेही मूल्यमापन अधिक नेमकेपणाने करता आले असते. निदान लाकडी खांबाच्या बाबतीत तरी, जाणकार वस्ताद आणि कारागीर हयात असतानाच ही नोंद करणे हे शारीरिक शिक्षण, वनस्पतिशास्त्र आणि मराठी या तिन्ही विभागांचे समान दायित्व आहे.