झातोइची : संग्रह आणि संहिता

एखाद्या चित्रपटमालिकेचा संग्रह करणे ही कृती सामान्यतः छंदाच्या सदरात ढकलली जाते, आणि समीक्षेने तिची दखल घेण्याचे कारण नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहावयाचे तर जपानमधील ‘झातोइची’ मालिकेइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९६२ ते १९७३ या काळात या मालिकेतील २५ चित्रपट प्रदर्शित झाले. शिंतारो कात्सू हा नट त्या सर्वांत नायक आहे. १९८९ मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला सव्विसावा चित्रपट आला, आणि मधल्या काळात, १९७४ ते १९७९ या वर्षांत, दूरचित्रवाणीवर १०० भाग झाले. या पसाऱ्यापैकी ‘मालिका’ नेमके कशाला म्हणावयाचे, तिचा आरंभ आणि अंत कोठे मानावयाचा, हे प्रश्न चित्रपटगृहातील प्रेक्षकाला पडण्याचे कारण नव्हते. ते पडतात चित्रफिती आणि तबकड्या जमविणाऱ्याला. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मधील आपल्या ग्रंथसंग्रहावरील निबंधात संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते उपयुक्ततेच्या पलीकडचे मानले होते. येथे मात्र संग्राहकाला थेट पाठचिकित्सकाचेच काम करावे लागते : प्रती मिळविणे, त्यांचा क्रम लावणे, गळालेले भाग शोधणे.

पहिली अडचण नावाचीच आहे. निर्यातीच्या बाजारात हे चित्रपट ‘सामुराई चित्रपट’ म्हणून विकले गेले. पण इची सामुराई नाही. तो अंध आहे, मालिश करून पोट भरतो, जुगार खेळतो आणि गुंडांच्या टोळ्यांत वावरतो. ‘झातो’ हे त्याचे नाव नसून अंधांच्या व्यावसायिक संघटनेतील सर्वांत खालच्या पायरीचे पद आहे. सर्वांत वरच्या पायरीला ‘केंग्यो’ म्हणत. त्याच्या हातातील शस्त्रही सामुराईची तलवार नव्हे, ती काठीत दडविलेली गुप्ती आहे. कान शिमोझावा या लेखकाच्या १९४८ मधील एका छोट्या लेखनातून हे पात्र आले. तेव्हा फडताळावरील चिठ्ठी जो वर्ग सांगते, त्या वर्गाच्या विरुद्ध बाजूस ही संहिता उभी आहे. तलवार बाळगण्याचा वंशसिद्ध अधिकार असलेले लोक या चित्रपटांत बहुधा भाडोत्री, कर्जबाजारी किंवा क्षयाने पोखरलेले दिसतात. वाङ्मयप्रकाराची निश्चिती विक्रेत्यावर सोपविली की असे होते. मराठीतही हे अपरिचित नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुनरावृत्तीचा. १९६४ या एका वर्षात मालिकेचे चार चित्रपट आले. त्या काळचा जपानी प्रेक्षक दोन चित्रपटांच्या मध्ये तीन-चार महिने जगत होता, विसरत होता. हे विस्मरण लोकप्रिय मालिकेच्या रचनेचाच एक घटक असते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड दर वेळी नव्याने भेटत असे तो याच न्यायाने. उंबेर्तो इकोने मालिकांच्या सौंदर्यशास्त्राचा विचार करताना पुनरावृत्तीतील आनंद हा अडाणी वाचकाचाच असतो ही समजूत मोडून काढली. परंतु घरी संच घेऊन बसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत ही सारी मांडणी थोडी बदलावी लागते. त्याच्याजवळ विस्मरण उरत नाही. आठवड्यात आठ चित्रपट पाहिले की नायकाचा भोळेपणाचा बहाणा, पाशांचा खेळ, दोन टोळ्यांचे वैर आणि शेवटची कत्तल हा सांगाडा उघडा पडतो, आणि अनेक संग्राहक येथेच कंटाळतात.

जे कंटाळत नाहीत त्यांना मात्र सुट्या प्रेक्षकाला न दिसणारी एक गोष्ट दिसते. पहिले चार चित्रपट पुनरावृत्तीवर उभे नाहीत. केंजी मिसुमीने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात (१९६२) क्षयरोगी रोनिन हिराते मिकी आणि इची यांची मैत्री जुळते. दोघे परस्परविरोधी टोळ्यांच्या आश्रयाला असल्याने इचीच्या हातून त्याला मरण येते, आणि त्याच्याबरोबर पुरण्यासाठी इची आपली गुप्ती देऊन टाकतो. दुसऱ्या चित्रपटात तो वर्षभराने त्याच मित्राच्या थडग्याकडे परततो. तिसऱ्यात (१९६३, मालिकेतील पहिला रंगीत) तलवार शिकविणाऱ्या गुरूशीच त्याची गाठ पडते व गुरू मारला जातो. पहिल्या दोन्ही चित्रपटांत भेटलेली ओताने चौथ्यात पुन्हा येते आणि तेथेच तिचा अंत होतो. येथपर्यंत इचीला भूतकाळ आहे, केलेल्या कर्माचे फळ पुढच्या चित्रपटात वाट पाहत असते. ओतानेच्या मृत्यूनंतर हा धागा विरतो. पुढील चित्रपटांत इची वाटसरू होतो. त्याचे वय वाढत नाही, कोणतीही ओळख टिकत नाही. कादंबरीचा काळ संपून आख्यानाचा काळ सुरू होतो असे म्हणता येईल. हा सांधा क्रमवार पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही.

संग्रहाचे माध्यम संहितेवर काय परिणाम करते, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. हे चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले : चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट. असे चित्र जुन्या दूरचित्रवाणी संचाची चौकट भरण्यासाठी कापले, तर पाचांतील दोन भागांहून अधिक गळून पडते. एरवी ही हानी केवळ देखणेपणाची मानता आली असती. पण या मालिकेची दृश्यभाषाच कडेच्या जागेवर बेतलेली आहे. इची चौकटीत एका बाजूला, मान तिरकी करून ऐकत बसलेला असतो. दुसऱ्या टोकाला कोणीतरी श्वास रोखून उभा असतो. त्याला जे ऐकू येते ते प्रेक्षकाला दिसते, आणि या दोहोंमधील अंतरातून ताण निर्माण होतो. कड कापली की प्रेक्षकच आंधळा होतो, आणि इचीचे कौशल्य चमत्कार वाटू लागते. पहिल्या चित्रपटातील पाशांचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. प्याल्याबाहेर पडलेले पासे सर्वांना दिसतात, आंधळ्याला ते कळले नाही असे समजून जुगारी त्यांवर पैसे लावतात, आणि खरे पासे प्याल्याखालीच निघतात. डोळस माणूस डोळ्यांमुळेच फसतो. ही मालिका पाहण्याविषयीची आहे, ती कापून पाहणे हा तिच्यावरील अन्यायच होय.

आता संग्रहाच्या पूर्णत्वाविषयी. दाइएइ ही निर्मितीसंस्था १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधीच, १९६७ पासून, कात्सूची स्वतःची संस्था मालिकेच्या निर्मितीत उतरली होती. हक्क असे विभागले गेल्याने अमेरिकेत डीव्हीडी निघू लागल्या तेव्हा मालिका दोन प्रकाशकांत वाटली गेली आणि चौदावा चित्रपट मध्येच गळाला. २०१३ मध्ये क्रायटेरियनने पंचवीसही चित्रपट एका संचात आणले तेव्हा तो तेथील संग्राहकांच्या हाती आला.

हा गळालेला चित्रपट कोणता, हे पाहण्याजोगे आहे. १९६६ च्या या चित्रपटाची पटकथा कानेतो शिंदो याची, दिग्दर्शन काझुओ इकेहिरोचे. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘झातोइची समुद्र ओलांडतो’ असा; इंग्रजीत त्याची तीर्थयात्रा झाली. आपल्या हातून मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी म्हणून इची शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या यात्रेला निघतो, आणि वाटेतच एका पुलावर त्याला पुन्हा माणूस मारावा लागतो. मेलेल्याचा घोडा त्याला मृताच्या बहिणीच्या दारी नेऊन उभा करतो. शेवटी ज्या गावासाठी तो लढतो ते गाव दारे लावून आत बसते. मालिकेच्या मूळ कराराला, म्हणजे प्रत्येक चित्रपटात कत्तल आणि तिचे समर्थन या दोहोंना, इतक्या सरळ आव्हान देणारा चित्रपट तिच्यात दुसरा नसावा. त्याच्यावाचून मालिकेचे मूल्यमापन करणाऱ्यांनी तिला निव्वळ रंजनप्रधान ठरविले असेल, तर तो दोष सर्वस्वी त्यांच्या दृष्टीचा नव्हता. समीक्षेची सामग्री हक्कांच्या खरेदी-विक्रीतून ठरते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी. उलट, २०१३ च्या संचात १९८९ चा चित्रपट नाही आणि दूरचित्रवाणीचे भागही नाहीत. तरीही तो ‘संपूर्ण’ म्हणून कपाटात विराजमान होतो.

महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांच्या चळवळीने कुरोसावा, ओझू, मिझोगुची यांची ओळख करून दिली. दिग्दर्शक हाच कर्ता, या भूमिकेतून घडलेल्या त्या अभिरुचीत दहा-एक दिग्दर्शकांच्या हातून गेलेली मालिका बसणे कठीणच होते. या दोन अभिरुचींची टक्कर पाहावयाची तर विसावा चित्रपट (१९७०) पाहावा. किहाची ओकामोतोच्या या चित्रपटात कात्सूसमोर तोशिरो मिफुने ‘योजिंबो’ म्हणून उभा राहतो. तो कुरोसावाचा योजिंबो नव्हे, शासनाचा हेर असलेला सास्सा दाइसाकू नावाचा वेगळाच माणूस आहे. कुरोसावाचे चित्रपट जमविणारा हा चित्रपट नावामुळे घेतो आणि निराश होतो. एकोणीस चित्रपट पार करून येथवर आलेल्या प्रेक्षकाचे लक्ष मात्र मिफुनेकडे उशिरा जाते. थकलेला इची विसाव्यासाठी आपल्या आठवणीतले शांत गाव शोधत आला आहे आणि ते गाव आता पूर्वीचे राहिलेले नाही, हे त्याला आधी दिसते.