मंगळावरचे बटाटे आणि विसरलेले कलम

रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला ‘द मार्शियन’ (२०१५) हा चित्रपट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा असाच आहे. मंगळावर एकटा अडकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क वॉटनी इंधनापासून पाणी तयार करतो आणि मंगळाच्या मातीत मानवी विष्ठेचे खत घालून बटाटे पिकवतो. शाळेतले गणित आणि रसायनशास्त्र माणसाला कसे तगवते, हे पाहताना मुले रंगून जातात. तरीही चित्रपटात एक मोठी उणीव राहिली आहे.

या खतात अब्जावधी जिवाणू असणार. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांच्या बाबतीत काय केले होते ते पाहा. दर चौरस मीटरला ३०० पेक्षा जास्त बीजाणू राहू नयेत इतकी ती स्वच्छ केली आणि मग सुमारे ११२ अंश सेल्सिअसला जवळजवळ ३० तास तापवली. कारण उघड आहे. मंगळावर जीव सापडलाच, तर तो आपणच नेलेला नाही याची खात्री हवी. चित्रपटात वॉटनीचे निवासस्थान फुटते, तेव्हा मात्र चिंता असते ती फक्त गोठलेल्या पिकाची. त्या मातीतल्या जिवाणूंचे काय झाले, हे कोणीच विचारत नाही.

मंगळावरचे अतिनील किरण जिवाणूंना मारतील, असा आक्षेप कोणी घेईल. उघड्यावरच्या जिवाणूंबाबत तो बराचसा खरा आहे. पण धुळीच्या पातळ थराखालीही बीजाणूंना आसरा मिळतो आणि सुप्तावस्थेत ते दीर्घकाळ टिकतात.

गंमत म्हणजे पटकथेला कायदा ठाऊक आहे. पृथ्वीबाहेरच्या जागेवर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, या कराराचा आधार घेऊन वॉटनी स्वतःला अवकाशातला चाचा म्हणवून घेतो. १९६७ च्या त्याच करारातले नववे कलम इतर ग्रहगोलांचे घातक प्रदूषण टाळायला सांगते. त्याचा उल्लेखही नाही.

जीव वाचवण्यासाठी वॉटनीने बटाटे लावले, यात त्याचे काही चुकले नाही. चूक पटकथेची आहे, कारण त्याची किंमत तिने सांगितलीच नाही. यान तापवून निर्जंतुक करता येते, माणूस नाही. म्हणून चित्रपट संपल्यावर वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: वॉटनी परतल्यावर तिथल्या मातीत जिवाणू सापडले, तर ते मंगळाचे की आपले, हे कसे ठरवाल?